कॉन्टेसाला मसल कारचं रूप देताना: आधी रेषा, मग पत्रा, शेवटी रंग

कॉन्टेसाला ‘आपली मसल कार’ (अमेरिकी धाटणीची दांडगी, ताकदवान इंजिनाची गाडी) म्हणतात ते नुसतं कौतुक नाही, त्यामागे गाडीची वंशावळ आहे. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ पासून २००२ पर्यंत उत्तरपाड्याला बनवलेली ही गाडी मुळात इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर, १९७२ साली आलेली एफई मालिका. व्हॉक्सहॉल १९२५ पासून २०१७ पर्यंत जनरल मोटर्सच्या मालकीची होती. त्यामुळे अमेरिकेच्या मोटारींचं शहर असलेल्या डेट्रॉइटमध्ये जन्मलेली कमरेत बारीक आणि मागच्या चाकावर भरदार होणारी रेषा व्हॉक्सहॉलच्या ल्युटनमधल्या कारखान्यात लहान मापात बसली आणि तिथून आपल्याकडे आली.

पण देवाणघेवाण एकाच बाजूने झाली नव्हती. त्या डेट्रॉइटच्या गाड्यांनीही युरोपकडून भरपूर उचललं होतं. कॉन्टेसा नव्याने उभी करणारे नेमकं हेच विसरतात. बॉनेटवर खोटा स्कूप (हवा आत घेणारं तोंड), डिकीवर उंच स्पॉयलर (पंखासारखी पट्टी), बाहेर आलेले टायर आणि चारही बाजूंनी क्रोम लावलं की मसल कार झाली असं वाटतं. होतं उलटंच. गाडीची मूळ रेषा झाकली जाते आणि नजर एकेका तुकड्यावर अडकते. १९६४ ते १९७१ मधल्या चांगल्या मसल कार सुंदर दिसतात त्या पत्र्याच्या स्वच्छपणामुळे, आणि तो स्वच्छपणा बराचसा इटलीचा आहे. म्हणून पैसे आणि वेळ पत्रा सरळ करण्यावर, फटी सारख्या करण्यावर आणि गाडीच्या उभं राहण्यावर घालवा. पुढचं सगळं सोलापूरच्या उन्हात, इथल्या पाण्यात आणि साध्या शेडमध्ये काम करायचं आहे असं धरून लिहिलं आहे.

कोणतं अंग कुठून आलं

पत्र्याला हात लावण्याआधी चार-पाच गाड्यांचे फोटो समोर ठेवा.

पहिली १९७० ची शेव्हरोले कॅमारो. हिच्यावर फेरारीच्या २५० जीटी घराण्याची छाया स्पष्ट आहे. बाजूचा पत्रा जवळजवळ कोरा, मागची छोटी काच काढून टाकलेली, दार लांबलचक, मागे गोल दिवे. आरएस प्रकारात तर पुढचा आडवा सलग बंपरच नव्हता, जाळीच्या दोन बाजूंना दोन छोटे तुकडे होते. नाक मोकळं झालं की गाडी रुंद आणि हलकी दिसते, हे त्यातून घ्यायचं.

दुसरी १९६४ ची फोर्ड मस्टँग. लांब बॉनेट, आखूड डिकी, आणि मागून आलेल्या फास्टबॅकला (छत उतरत थेट शेपटीपर्यंत जाणाऱ्या प्रकाराला) ‘टू प्लस टू’ हे युरोपातल्या ग्रँड टुरर गाड्यांचं नाव. तिसरी १९६७ ची मर्क्युरी कुगर. तिच्या एक्सआर-७ प्रकाराचा डॅशबोर्ड बघा: लाकडाचा भास देणारी फळी, काळ्या तबकड्या, खटक्याची बटणं. सरळ जग्वारच्या बैठकीतून उतरलेला. चौथी १९६३ ची ब्युइक रिव्हिएरा, जिच्यासाठी जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख बिल मिचेल याच्यासमोर लंडनमध्ये दिसलेल्या रोल्स-रॉइसची धारदार कड आणि फेरारीचा सडसडीत बांधा होता. एएमसीच्या एएमएक्सचा तर चालता नमुनाच १९६६ साली तुरीनच्या विन्याले कारखान्यात बांधला गेला.

लोक अस्सल अमेरिकन समजतात ते बॉनेटवरचे दोन पट्टेही युरोपच्या शर्यतींतले. त्या शर्यतींत देशांना रंग वाटून दिलेले असत: इटलीला तांबडा, फ्रान्सला निळा, इंग्लंडला हिरवा, जर्मनीला पांढरा आणि पुढे चंदेरी. अमेरिकेच्या वाट्याला पांढरा आणि निळा. अमेरिकन शर्यतवीर ब्रिग्ज कनिंगहॅमच्या पांढऱ्या गाड्या १९५० च्या दशकात निळे पट्टे घेऊन फ्रान्सच्या ल मान्स शर्यतीत धावल्या, आणि १९६५ च्या शेल्बी जीटी३५० (शर्यतीसाठी घडवलेली मस्टँग) वरचे पट्टे त्याच परंपरेतले. तेव्हा पट्टे मारायचेच तर पांढऱ्यावर निळे. पिवळ्यावर काळे मारले की तो धागा तुटतो.

आधी कागदावर

डेट्रॉइटच्या स्टुडिओत भिंतीवर गाडीएवढ्या कागदावर काळ्या टेपने रेषा ओढत. टेप उचलून परत लावता येते, पेन्सिलची रेघ तशी सरकवता येत नाही. आपण तेच एकास दहा मापात करायचं.

गाडी सपाट जमिनीवर उभी करा. बरोबर मध्यावर, साधारण १५ मीटर लांब उभं राहून, कॅमेरा जमिनीपासून ६५० ते ७०० मिलिमीटर उंचीवर धरून, झूम करून बाजूचा फोटो घ्या. जवळून मोबाइलने काढलेल्या फोटोत पुढचं-मागचं टोक लहान होतं आणि सगळी मापं फसतात. कॉन्टेसाच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर २६६७ मिलिमीटर आहे. प्रिंटवर ते २६६.७ मिलिमीटर येईल असा फोटो मोठा करा. गाडी कागदावर सुमारे ४६० मिलिमीटर होते, म्हणजे ए-३ कागद पुरत नाही, ए-२ लागतो. वर बटर पेपर ठेवून तीन मिलिमीटरच्या काळ्या टेपने चारच रेषा ओढा: छत, खांद्याची कड, खालची सिल (दारांखालची पट्टी), आणि दोन चाकांचे गोल.

आता दुसऱ्या बटर पेपरवर १९६५ ची मस्टँग त्याच मापात काढा. चाकांमधलं अंतर २७४३, लांबी ४६१३ मिलिमीटर. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले की लांबी जवळजवळ सारखीच निघते. फरक दोन ठिकाणी आहे: मस्टँगचं छत बरंच खाली आहे, आणि तिचं पुढचं चाक दारापासून लांब, पुढे सरकलेलं आहे. या दोन गोष्टी कॉन्टेसात बदलता येत नाहीत. छत कापून खाली घेणं किंवा चार दारांची दोन दारं करणं याच्या नादी लागू नका. गाडी मोनोकॉक आहे, वेगळी चेसिस नाही. छत आणि खांब कापले की सगळा सांगाडाच ढिला होतो.

जे बदलता येतं ते त्याच कागदावर ठरवा: बंपरची जाडी, जाळीचा काळेपणा, चाकांचा व्यास, गाडीचा कल. मागच्या दाराच्या काचेखालची कड मागे जाताना किंचित वर उचलते. तीच या गाडीची जान. तिच्यावर कोणतीही पट्टी, क्रोम बीडिंग किंवा स्टिकर येणार नाही, हे आत्ताच ठरवून टाका.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या आणि कारखान्याने ठरवलेल्या गोष्टी परस्पर बदलता येत नाहीत. इंजिन बदलायचं असेल तर आधी परवानगी. रंग बदलला तर आरसीवर नोंद. शिवाय शेवटची कॉन्टेसाही पंधरा वर्षांपलीकडची, त्यामुळे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नवीकरण लागतं. सोलापूरच्या एमएच-१३ नोंदणीची गाडी असो की बाहेरून आणलेली, नवीकरण संपलं असेल तर पहिला खर्च तिथे करा. पत्र्याचं काम त्यानंतर.

गंज आणि वेल्डिंग

साध्या चुंबकाला पातळ कागद गुंडाळून सगळ्या गाडीवर फिरवा. पकड सुटली तिथे जाड पुट्टी आहे. पुढच्या मडगार्डचा खालचा कोपरा, दारांचा तळ, सिल, मागच्या चाकाची कमान, डिकीतला स्टेपनीचा खड्डा आणि पुढच्या काचेखालची पन्हाळ या जागा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर तो पत्रा संपला आहे, त्यावर पुट्टी मारून भागत नाही.

सिल कापण्याआधी दाराच्या उघड्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, आणि मधल्यापासून मागच्यापर्यंत, एक इंची चौकोनी पाइप तात्पुरता वेल्ड करा. हे न करता सिल कापली तर गाडी मध्यात बसते आणि नंतर दार कधीच नीट लागत नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण कापण्याआधी मोजून भिंतीवर लिहून ठेवा. कामानंतर फरक दोन मिलिमीटरच्या आत हवा.

बाहेरच्या पत्र्याला २० गेजची सीआरसी (थंड लाटलेल्या पोलादाची) शीट, सिलला १८ गेज. वेल्डिंग सीओटू मशीनवर, ०.८ मिलिमीटर तारेने. २५-३० मिलिमीटर अंतराने टाके घ्या, एका टोकाचा टाका झाला की दुसऱ्या टोकाला जा, आणि पत्र्याला हात लावता येईल इतका तो निवला की मगच मधले टाके. ओल्या फडक्याने निववू नका. गॅस वेल्डिंग स्वस्त पडतं, पण त्याची आच पसरते आणि दारासारखा लांब पत्रा लाटा धरतो. त्या लाटा मग पुट्टीने भरल्या जातात, आणि इथल्या मे महिन्यात पत्रा तापून-निवून ती पुट्टी तडकते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि अल्टरनेटरचं कनेक्शन काढा.

जुना रंग काढायला बाहेरच्या पत्र्यावर सँड ब्लास्टिंग करू नका, पत्रा ताणला जाऊन फुगतो. पेंट रिमूव्हर लावा, खरवडा, वॉशिंगची पद्धत डब्यावर असेल तशी पाळा. एका दिवशी जेवढा पत्रा उघडा कराल तेवढ्याला त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरचे दोन हात बसले पाहिजेत. पावसाळ्यात रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी तांबूस दिसतो, आणि तो थर प्रायमरखाली तसाच राहिला तर वर्षा-दोन वर्षांत बाहेर येतो.

खांद्याची कड: सगळं काम इथे आहे

पुट्टी एपॉक्सी प्रायमरवर लावा, उघड्या पत्र्यावर नको. १०० ग्रॅम पुट्टीला दोन ग्रॅम हार्डनर. ‘लवकर वाळावी’ म्हणून जास्त हार्डनर घातला तर पांढऱ्या किंवा चंदेरी रंगातून काही दिवसांनी पिवळट डाग वर येतात. चाळीस अंशांत घोळलेली पुट्टी दोन-तीन मिनिटांत कडक व्हायला लागते, तेव्हा लिंबाएवढाच गोळा एका वेळी. थर दोन ते तीन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. खड्डा त्याहून खोल असेल तर आधी हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) पत्रा वर काढा.

आता मुख्य गोष्ट. मडगार्ड, पुढचं दार, मागचं दार आणि मागचा पत्रा यांवरून जाणारी कड ही एकच रेषा आहे. ती चार वेगळ्या तुकड्यांवर वेगवेगळी घासली की गेली. म्हणून दारं गाडीवर लावूनच घासायची. नुसती लावून नाही, तर नवीन रबर, कुलूप आणि शक्यतो काचही बसवून. नवीन रबर दाराला दोन-तीन मिलिमीटर बाहेर ढकलतं. रबराशिवाय घासलेली कड रबर बसवल्यावर जुळत नाही, आणि तेव्हा गाडी रंगून झालेली असते.

फटी आधी ठरवा. चार ते पाच मिलिमीटर, वरपासून खालपर्यंत सारखी. लाकडी पट्टीचा पाच मिलिमीटरचा तुकडा फटीतून फिरवून बघा. बिजागरीच्या शिम्सनी (पातळ चकत्यांनी) जमत नसेल तर दाराच्या कडेला बारीक तार वेल्ड करून घासा. पुट्टीने फट कधीच भरू नका. दार दहा वेळा आपटलं की ती कोपऱ्यातून उडते.

मग दोन बाजूंपैकी चांगली बाजू निवडा. खांद्याच्या कडेवर दर १५० मिलिमीटरला पेन्सिलने खूण करा, प्रत्येक खुणेवर जाड पुठ्ठा उभा धरून पत्र्याचा उभा आकार कापून घ्या आणि पुठ्ठ्यावर क्रमांक टाका. हेच पुठ्ठे उलटे करून दुसऱ्या बाजूला लावले की कुठे किती कमी-जास्त आहे ते दिसतं. मातीच्या नमुन्याच्या दोन बाजू जुळवायला स्टुडिओतही असेच साचे वापरत.

कड घडवायची ती टेपने. सहा मिलिमीटरची फाइन-लाइन टेप कडेच्या माथ्यावर पुढच्या मडगार्डापासून डिकीपर्यंत एकसलग ओढा. तीन मीटर मागे जाऊन, मान खाली करून बघा. टेप कुठे खाली-वर वाटली तर उचलून परत लावा, कंटाळू नका. टेपच्या वरच्या बाजूची पुट्टी टेपपर्यंत घासून आणा. टेप काढा, ताज्या घासलेल्या बाजूला टेपची कड लावा, आता खालची बाजू घासा. कड धारदार निघते. शेवटी ३२० च्या पेपरने तीन-चार हलके हात मारून धार मोडा. पूर्ण धारदार ठेवली तर तिथे रंग थांबत नाही आणि पॉलिश करताना पहिल्यांदा तिथेच प्रायमर दिसतो.

घासायला ४०० ते ४५० मिलिमीटर लांबीचा लाकडी ब्लॉक. हाताच्या बोटांनी घासलेला पत्रा बोटांच्याच लाटा धरतो. दारावर सरळ आडवं घासू नका, तिरके हात घ्या, एकदा या कर्णावर आणि एकदा त्या. मागच्या चाकावरच्या फुगवट्याला थोडा वाकणारा ब्लॉक लागतो. कडक ब्लॉक तिथे चपटे पट्टे पाडतो. क्रम असा: ८० चा पेपर, मग १८०, मग टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) सरफेसरचे, म्हणजे बारीक खड्डे भरणाऱ्या प्रायमरचे, तीन हात. त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारा आणि ३२० ने घासा. काळं जिथे राहिलं तो खड्डा, जिथे आधी पत्रा दिसला तो उंचवटा. उंचवटा दिसला की घासणं थांबवा. खड्डा भरून मगच पुढे.

इथे सोलापूरचं ऊन कामाला येतं. पहिल्या सरफेसरनंतर गाडी आठ-दहा दिवस उन्हात उभी करा. पुट्टी आणि सरफेसर जितके बसायचे तितके बसतात, वेल्डच्या आणि पुट्टीच्या कडा वर दिसायला लागतात. त्या आत्ता दिसल्या तर दुसऱ्या सरफेसरने जातात. हे न करता रंगलेल्या गाडीवर पहिल्या उन्हाळ्यात पुट्टीचा नकाशा उमटतो.

शेवटची परीक्षा ट्यूबलाइटची. पत्रा ओला करा, चार फुटी ट्यूब कडेला समांतर धरा आणि प्रतिबिंब बघत मडगार्डापासून मागपर्यंत चालत जा. प्रकाशाची रेघ दारांच्या फटींवरून न तुटता, न थरथरता गेली पाहिजे. डेट्रॉइटवाले मातीवर चंदेरी फिल्म चढवून हेच बघत. रेघ जिथे मोडते तिथे पेन्सिलने गोल करा आणि पुन्हा ब्लॉक हातात घ्या.

पाणी

पुट्टी कोरडीच घासायची. ती पाणी पिते, आणि ते पाणी आत पत्र्यापर्यंत जातं. आपल्याकडे सर्रास वॉटर पेपरने पुट्टी घासतात. वर्षभराने रंगाखालून जो गंज फुटतो त्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

सरफेसर ओला घासायला हरकत नाही, पण पाणी कोणतं? नळाला रोज पाणी येत नाही म्हणून शेडमध्ये बोअरचं पाणी वापरलं जातं, आणि ते जड असतं. ते वाळलं की क्षार पत्र्यावर राहतात. त्यावर रंग बसला की पावसाळ्यातला ओलावा रंगाच्या थरातून आत ओढला जातो आणि मोहरीएवढे फोड येतात. बोअरच्या पाण्याने घासा, पण शेवटची धुलाई आरओच्या पाण्याने करा. एका गाडीला २० लिटरचे दोन जार पुरतात. पुसायला सोलापुरी टॉवेल उत्तम, मात्र नवा नको. नव्याचे तंतू सुटतात आणि खळीचा अंश असतो. पाच-सहा वेळा धुतलेला घ्या, आणि धुताना कपड्यांना लावायचं सॉफ्टनर नको. फटी आणि बीडिंगच्या खाचा हवेने फुंकून काढा आणि गाडी तीन तास उन्हात ठेवा. रंगाआधीची शेवटची धूळ टॉवेलने काढायची नाही. त्यासाठी टॅक क्लॉथच (धूळ ओढणारं चिकट फडकं) लागतो.

रंग

एकरंगी, खोल रंग या गाडीला सर्वांत शोभतात: गर्द हिरवा, मरून, गडद निळा. चंदेरी रंग कडेची रेषा सर्वांत छान दाखवतो, पण टचिंगला तितकाच अवघड. काळा रंग घेण्याआधी ट्यूबलाइटची परीक्षा दोनदा करा.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वेळ सकाळची. मे महिन्यात मारावाच लागला तर सकाळी दहाच्या आत आणि हळू सुकणारा थिनर वापरून. भर उन्हात फवारा पत्र्यावर पोहोचेपर्यंतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसात टू-केचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी लागतो आणि क्लिअरमध्ये (वरच्या पारदर्शक थरात) बारीक बुडबुडे राहतात. जमिनीवर पाणी मारा, दार बंद करून अर्धा तास थांबा, मग सुरुवात.

सरफेसरला १.७ ते १.८ मिलिमीटरचं नोझल, रंग आणि क्लिअरला १.३ ते १.४. एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या) गनवर दाब दोन बारच्या आसपास. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडा, आणि पाण्याचा सापळा कॉम्प्रेसरला चिकटून न लावता पाइपच्या दुसऱ्या टोकाला, गनजवळ लावा. हवा थंड झाल्यावरच तिच्यातलं पाणी सुटतं. अख्ख्या गाडीला बेस रंग थिनर मिसळण्याआधी सव्वादोन-अडीच लिटर, क्लिअर हार्डनरसह तीन लिटरच्या आसपास, सरफेसर दोन्ही फेऱ्या मिळून चार लिटर धरा. रंग एकाच वेळी घोळून घ्या. नंतर आणलेला अर्धा लिटर कधीच तंतोतंत जुळत नाही.

बेसचे दोन-तीन हात, प्रत्येकामध्ये ओली चमक पूर्ण जाईपर्यंत थांबा. क्लिअरचे दोन भरीव हात, मध्ये १० ते १५ मिनिटं. पट्टे असतील तर क्लिअरच्या आधी, म्हणजे कडा क्लिअरखाली जातात. मधली रेघ बॉनेटच्या कडेवरून न मोजता पुढच्या आणि मागच्या काचेचे मध्य काढून दोरा ताणून घ्या. जुनी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी कुठे राहिली असेल तर टू-केचा थिनर तिला उचलतो आणि रंग सुरकुततो. राहिलेली प्रत्येक जागा खरवडून काढा.

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोडासा वासही सोसत नाही. नाकाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून हे काम करू नये, करूही देऊ नये. बाहेरून ताजी हवा आत घेणारा मास्क, डोळ्यांना गॉगल, हातात नायट्राइलचे मोजे. रंगाच्या बिलात ही रक्कम धरलेलीच हवी.

तोंड आणि शेपूट

चार गोल दिवे आहेत ते राहू द्या. बंपरवरची उभी रबरं आणि जाड जोडकामं काढली तरी नाक मोकळं होतं. मूळ बंपर मात्र ठेवा. पुन्हा क्रोम करायचं असेल तर तांबं, निकेल आणि क्रोम असे तिन्ही थर मागा. चमक क्रोमची, पण गंज थांबवतो तो निकेल. नुसतं क्रोम मारून दिलं तर एका पावसाळ्यात ठिपके पडतात.

जाळीसाठी फेरारीची चौकटी घ्यायची असेल तर घरी होते. दोन मिलिमीटर जाड, २० मिलिमीटर रुंद ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. मोकळी जागा ९०० बाय १५० मिलिमीटर निघाली आणि घर ३० मिलिमीटरचं ठेवलं, तर २९ उभ्या पट्ट्या आणि ४ आडव्या. प्रत्येकीत दर ३० मिलिमीटरला अर्ध्या रुंदीपर्यंत, म्हणजे १० मिलिमीटर खोल आणि दोन मिलिमीटर रुंद खाच. आडव्यांच्या खाचा समोरच्या कडेने, उभ्यांच्या मागच्या कडेने, म्हणजे दोन्ही एकमेकींत बसतात आणि पुढचा चेहरा सपाट राहतो. ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर सुटतो, आधी एच (etch) प्रायमर, जो धातूला किंचित खाऊन धरतो, मग सॅटिन (अर्धवट चमकेचा) काळा. घर ३० पेक्षा लहान करू नका. बारीक जाळी रेडिएटरची हवा अडवते आणि मे महिन्यात सिग्नलवर काटा वर चढतो.

मागे गोल दिव्यांसाठी पत्रा कापायची गरज नाही. दिव्यांच्या मधला पट्टा सॅटिन काळा केला की मागचं टोक रुंद आणि कापल्यासारखं दिसतं. स्पॉयलर हवाच असेल तर डिकीच्या कडेलाच २५ ते ३० मिलिमीटरची पत्र्याची ओठासारखी घडी, रंग गाडीचाच. खाली पाणी जायला दोन भोकं ठेवा.

उभं राहणं

टाकी अर्धी, हवा बरोबर, जमीन सपाट. चारही ठिकाणी चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत मोजा. मागची बाजू पुढच्यापेक्षा २० ते २५ मिलिमीटर उंच ठेवली की सुमारे अर्ध्या अंशाचा कल मिळतो. एवढा पुरे. त्याहून जास्त उचलली तर हेडलाइट खाली रस्त्यावर पडतो आणि मागे चाक-कमानीमधली नुसती फट दिसते. उंची कमी करायला स्प्रिंग कापू नका. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग कडक होते, आणि मागचा एक्सल खाली लोंबला की ती जागेवरून सुटू शकते. नवीन स्प्रिंग मापाने वळवून घ्या.

टायरचा एकूण व्यास गाडीच्या मूळ टायरच्या दोन-तीन टक्क्यांत राहू द्या, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो. हिशोब सोपा: १९५/६० आर १५ म्हणजे १९५ च्या साठ टक्क्यांची दुप्पट २३४, अधिक १५ इंचांचे ३८१, एकूण ६१५ मिलिमीटर. स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे चार माणसं बसवून, टायर कुठे घासतो का ते रंगाच्या आधीच बघा. चाकं आठ आऱ्यांच्या मिनिलाइट धाटणीची घ्या. ती मूळ इंग्लंडची, आणि अमेरिकेच्या ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींतल्या मस्टँगवरही बसली.

बैठक

१९६९ च्या कॅमारोत सीटला हाउंड्सटूथ (काळ्या-पांढऱ्या दातेरी चौकड्यांचं) कापड मिळत असे, मूळ स्कॉटलंडचं. ते इथेच विणून घेता येतं. वीण टू बाय टू ट्विल: दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून, प्रत्येक ओळीला एक धागा सरकत. ताण्यात चार काळे, चार पांढरे, आणि बाण्यातही तसेच. चाराच्या जागी आठ-आठ धागे घेतले तर दात मोठे होत नाहीत, आकारच बिघडतो. नक्षी मोठी हवी तर सूत जाड घ्या: सेंटिमीटरला आठ धागे बसले की एका सेंटिमीटरला एक नक्षी पूर्ण होते. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांपैकी डॉबी (वीण ठरवणारी यंत्रणा) असलेल्या मागावर हे सहज निघतं.

चादरीचं किंवा टॉवेलचं सुती सूत मात्र वापरू नका. उन्हात उभ्या गाडीत ते विटतं आणि बसून-उठून त्याचे गोळे होतात. पॉलिस्टर सूत, तेही रंग आधीच मुरवलेलं, आणि कापडाचं वजन चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या वर. सीटच्या मधल्या भागांना ५४ इंच पन्ह्याचं पाच-सहा मीटर लागतं, बाजूंना काळं रेक्झिन. कापायच्या आधी कापडामागे पातळ फोम चिकटवून घ्या, नाहीतर वीण तिरकी ओढली जाते. आणि सगळ्या सीटवर नक्षीची ओळ एकाच सरळ रेषेत येईल असं खडूने आखून मगच कात्री लावा.